खालच्या पट्टीतली नावं

तहसील कचेरीसमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात मॉनिटर गिऱ्हाइकाकडे अर्धा वळवलेला असतो. तो तसाच असावा लागतो. नावातला ऱ्हस्व-दीर्घ, आडनावातला ‘ळ’ की ‘ल’, गट क्रमांकातला शेवटचा आकडा, हे गिऱ्हाइकानं स्वतः पाहून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय प्रिंट काढली तर कागद वाया जातो आणि गावाहून आलेल्या माणसाची आणखी एक खेप होते. त्या दुपारी काउंटरला टेकून एक आजोबा उभे होते. नातीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र करून हवं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड आणि आधारच्या दोन झेरॉक्स हातात होत्या. टायपिंग करणाऱ्या मुलीनं पडद्याच्या तळाशी, खालच्या पट्टीतल्या वर्डच्या निळ्या चिन्हावर राइट-क्लिक केलं. चिन्हाच्या डोक्यावर दहा-बारा नावांची उभी यादी उघडली. तिला हवं ते सापडेपर्यंत आजोबांनी चष्मा वर सरकवला आणि वरून तिसऱ्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं, काचेला न टेकता, अगदी जवळ. तिथे ‘हक्कसोडपत्र’ लिहिलेलं होतं आणि पुढे एका बाईचं पूर्ण नाव. “ही आमच्या थोरल्याची लेक,” आजोबा म्हणाले. “हिनं हक्क सोडला?” मुलगी म्हणाली, “आजोबा, ते दुसऱ्यांचं आहे. तुमचं नाव सांगा.” तोवर यादी मिटलीही होती. पुढचं काम होईपर्यंत आजोबा बोलले नाहीत. नाव तपासायला सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण नजर पडद्यावर नव्हती.

यादी उघडी होती ती फार तर दोन सेकंद.

त्या दोन सेकंदांत चूक कुणाची, हे ठरवणं सोपं नाही. मुलगी तिचं काम पटकन व्हावं म्हणून बरोबर तेच करत होती जे करण्यासाठी ती सोय आहे. फोल्डरात फोल्डर उघडत फाइलपर्यंत जायला पाच-सहा क्लिक लागतात, खालच्या पट्टीतून दोन. दिवसाला चाळीस-पन्नास कागद करणाऱ्या हातासाठी हा फरक मनगटात जाणवणारा असतो. बाहेर रांग असते, लाइट जायची धास्ती असते. पण ती यादी कुणी लावलेली नव्हती, आपोआप लागलेली होती, आणि खटकतं ते इथेच. विंडोजमध्ये या यादीला जंप लिस्ट म्हणतात. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये जी जी फाइल उघडावी तिची नोंद त्या त्या प्रोग्रॅमच्या नावे होत जाते. नवी फाइल वर येते, जुनी खाली ढकलली जाते आणि तळाची दिसेनाशी होते. विचारून काही होत नाही. त्या नोंदी वापरकर्त्याच्या खात्यात, ॲप-डेटाच्या आत रीसेंट नावाच्या फोल्डरात, ऑटोमॅटिक डेस्टिनेशन्स या उपफोल्डरात साठतात. आकडे आणि अक्षरं मिसळलेल्या अगम्य नावांच्या छोट्या फाइली असतात त्या, एकेका प्रोग्रॅमसाठी एकेक. दुकानातलं यंत्र एकाच खात्यावर चालत असेल तर सकाळच्या माणसानं उघडलेलं संध्याकाळच्या माणसाला दिसतं.

अलीकडे काय उघडलं हे दाखवण्याची खोड कॉम्प्युटरला जुनीच आहे. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आलं आणि पडद्याच्या तळाशी ती राखाडी पट्टी पहिल्यांदा दिसली, तेव्हा स्टार्ट मेनूत डॉक्युमेंट्स नावाची एक ओळ होती. त्यात शेवटच्या पंधरा फाइली दिसायच्या. त्यात ‘ही ठेव, ती नको’ असं सांगायची सोय नव्हती. जे शेवटचं ते वर. दोन वर्षांनी, 1997 मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर 4 बरोबर क्विक लाँच आलं. स्टार्ट बटणाच्या शेजारी बारक्या चिन्हांची ती रांग अनेकांना अजून आठवत असेल. तिचा स्वभाव नेमका उलटा होता. आपण आणून ठेवू तेवढंच तिथे असायचं, स्वतःहून तिथे काही येऊन बसत नसे. मग 22 ऑक्टोबर 2009 ला विंडोज 7 बाजारात आलं आणि या दोन वेगळ्या स्वभावांच्या गोष्टी एकाच चौकटीत आल्या. वर आपण पिन केलेल्या, म्हणजे टाचून कायम ठेवलेल्या फाइली, खाली आपोआप जमलेल्या. मध्ये बारीक अक्षरातलं एक शीर्षक, एवढाच काय तो आडपडदा. घाईत असलेल्या डोळ्याला ते शीर्षक दिसत नाही. त्याला एकच यादी दिसते.

जुन्या दप्तरांत कागद कापडात बांधून ठेवत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद असेच रुमालांत बांधलेले. कुठला कागद कुठल्या रुमालात जायचा ते कारकून ठरवायचा. ज्या फडावर, म्हणजे कचेरीत, रोज लिखाण चालायचं तिथेही हाताशी काय ठेवायचं आणि बांधून फडताळात काय टाकायचं, याचा निर्णय माणसाचा असायचा. आपोआप भरणाऱ्या यादीत हा निर्णय कुणीच घेतलेला नसतो. शेवटचं जे हातातून गेलं ते हाताशी राहतं. शेवटचं आणि नेहमी लागणारं, ही एकच गोष्ट आहे असं यंत्रानं धरून चालावं हे मान्य, पण माणसानंही तेच धरून चालावं यातून पुढचे घोटाळे होतात.

घोटाळ्याचा नमुना असा. प्रतिज्ञापत्राचा कोरा मसुदा कुठेतरी ‘डी’ ड्राइव्हवर पडलेला असतो. तिथपर्यंत जायचा कंटाळा म्हणून टायपिंग करणारा यादीतली सर्वांत वरची फाइल उघडतो, म्हणजे आत्ताच गेलेल्या गिऱ्हाइकाची. नाव बदलतो, वय बदलतो, गाव बदलतो. तिसऱ्या परिच्छेदातला गट क्रमांक तसाच राहतो. किंवा वरती ‘श्रीमती’ होतं आणि खाली ‘मी सदर अर्जदार’च्या पुढचं क्रियापद पुरुषाचं राहतं. मग घाईत कंट्रोल-एस दाबलं की आधीच्या माणसाची फाइलही गेली, तिच्यावर नव्याची चढली. आठ दिवसांनी आधीचा माणूस ‘आणखी एक प्रत द्या’ म्हणत येतो तेव्हा त्याच्या नावाच्या फाइलमध्ये दुसऱ्याचीच जमीन असते. यात टायपिंगचं कौशल्य कुठेच कमी पडलेलं नसतं. शेवटच्या माणसाचा कागद कोऱ्या मसुद्यासारखा वापरला, एवढंच झालेलं असतं.

म्हणून खालच्या पट्टीत जे टांगायचं ते कोरंच असावं. ही तयारी एकदा नीट करायला अर्धा तास लागतो. आधी मसुदा साफ करायचा. नाव, वय, पत्ता, गट क्रमांक, तारीख, जिथे जिथे भरायचं तिथे टिंबं न ठेवता ठसठशीत फुल्या ठेवायच्या, म्हणजे एखादी राहिली तर प्रिंटमध्ये ओरडून दिसते. फाइल एका कायमच्या जागी ठेवायची, ‘मसुदे’ अशा साध्या नावाच्या फोल्डरात, आणि तिथून ती पुन्हा हलवायची नाही. मग फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि रीड-ओन्लीच्या चौकोनात टिक. आता ही फाइल उघडून कुणी कंट्रोल-एस दाबलं तरी वर्ड तिच्यावर लिहीत नाही, वेगळ्या नावानं सेव्ह करायला लावतं. ही एक टिक टायपिंगच्या दुकानातल्या निम्म्या भांडणांवरचा उपाय आहे, आणि ती केलेली फार क्वचित दिसते.

नावाचंही एक आहे. जंप लिस्टची रुंदी मर्यादित असते, लांब नाव शेवटी कापलं जातं. ‘प्रतिज्ञापत्र उत्पन्न’, ‘प्रतिज्ञापत्र रहिवास’, ‘प्रतिज्ञापत्र नावात बदल’ अशी नावं दिली की यादीत एकाखाली एक ‘प्रतिज्ञापत्र’च दिसतं आणि डोळा प्रत्येक ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो. उलटं लिहावं. ‘उत्पन्न – प्रतिज्ञापत्र’, ‘रहिवास – प्रतिज्ञापत्र’. वेगळा शब्द आधी. नाव देवनागरीत दिलं तरी विंडोजला काही अडचण नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करणाऱ्यांना फाइलचं नाव इंग्रजी लिपीत द्यायची सवय लागलेली असते, आणि त्या स्पेलिंगांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकानं डबल ए लावलेला, दुसऱ्यानं एकच. दुकानात दोघं बसत असतील तर मग शोधूनही सापडत नाही.

मग पिन. फाइल एकदा उघडायची, म्हणजे ती अलीकडच्यांत येते. खालच्या पट्टीतल्या वर्डच्या चिन्हावर राइट-क्लिक करून तिच्या ओळीवर माउस नेला की उजव्या टोकाला बारीक टाचणी दिसते. ती दाबली की फाइल वरच्या, पिन केलेल्यांच्या गटात जाते आणि नव्या फाइली कितीही आल्या तरी ढकलली जात नाही. विंडोज 7 आणि 10 मध्ये याहून सोपं होतं. फाइल उचलून खालच्या पट्टीवर आणून सोडली की त्या त्या प्रोग्रॅमच्या यादीत ती पिन व्हायची, आणि प्रोग्रॅमच पट्टीवर नसेल तर तोही येऊन बसायचा. अनेकांना वाटायचं, सोडली ती फाइल गेली कुठे? पट्टीवर तिचं स्वतंत्र चिन्ह दिसत नाही ना. ती गेलेली नसते, राइट-क्लिकच्या मागे असते.

एखादीच फाइल दिवसभर लागते आणि तिला स्वतःचं चिन्ह हवं असतं, उदाहरणार्थ रोजच्या जमा-खर्चाची एक्सेल. त्यासाठी थोडा वळसा घ्यावा लागतो. शिफ्ट दाबून फाइलवर राइट-क्लिक केलं की ‘कॉपी ॲज पाथ’ येतं, विंडोज 11 मध्ये शिफ्टचीही गरज नाही. तो पत्ता अवतरणचिन्हांसकट कॉपी होतो, आणि ती चिन्हं पुसायची नाहीत, कारण फोल्डरच्या नावात जागा सोडलेली असेल तर त्यांच्याशिवाय पत्ता अर्ध्यात तुटतो. डेस्कटॉपवर न्यू, मग शॉर्टकट, आणि लोकेशनच्या चौकटीत आधी एक्सप्लोरर हा शब्द इंग्रजीत, एक जागा, मग तो पत्ता. चिन्ह बदलायचं असेल तर ते पिन करायच्या आधी, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधून. नाहीतर पट्टीवर पिवळ्या फोल्डरसारखीच दोन चिन्हं शेजारी बसतात आणि रोज चुकीच्यावर क्लिक होतं. शेवटी शॉर्टकटवर राइट-क्लिक, ‘पिन टू टास्कबार’. विंडोज 11 मध्ये त्याआधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडावं लागतं.

विंडोज 10 वापरलेल्यांना यापेक्षाही चांगली एक गोष्ट ठाऊक असेल. पट्टीच्या मोकळ्या जागी राइट-क्लिक, टूलबार्स, न्यू टूलबार, आणि एक फोल्डर दाखवायचं. ‘मसुदे’ हा शब्दच पट्टीवर उमटायचा, शेजारी दोन बाणांची खूण, दाबली की आतल्या सगळ्या फाइलींची यादी वर. वर्ड, एक्सेल, पीडीएफ एकत्र. त्या यादीत फोल्डरात असेल तेवढंच दिसायचं, अलीकडचं म्हणून कुणी घुसायचं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं आणि ही सोय काढून टाकली गेली. विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे जी दुकानं, पतपेढ्या, वकिलांची कार्यालयं तोवर थांबली होती ती हळूहळू नव्यावर गेली किंवा जाताहेत. या बदलात गेलेल्या गोष्टींपैकी ही एक सर्वांत जास्त हळहळ वाटण्यासारखी. ज्यानं कुणी पहिल्यांदा ती केली होती त्याला सामान्य माणसाचं टेबल कसं असतं ते कळलं होतं.

आता त्याच्या सर्वांत जवळचा मार्ग असा, की ‘मसुदे’ हे अख्खं फोल्डर फाइल एक्सप्लोररच्या यादीत पिन करायचं. फोल्डरवर राइट-क्लिक, ‘पिन टू क्विक ॲक्सेस’. मग खालच्या पट्टीतल्या पिवळ्या चिन्हावर राइट-क्लिक केलं की ते फोल्डर तिथे दिसतं. एक क्लिक जास्त पडतो, पण समोर येतात ते फक्त मसुदे, माणसांची नावं नाहीत.

माउसपर्यंत हात न्यायचा नसेल तर विंडोज-की, ऑल्ट आणि आकडा. वर्ड पट्टीत डावीकडून पहिलं असेल तर एक. यादी उघडते, वरच्या बाणानं हव्या ओळीवर जायचं, एंटर. दोन-तीन दिवसांत बोटांना ते पाठ होतं. मात्र चिन्हांची जागा बदलली की आकडाही बदलतो, म्हणून पट्टीतली पहिली चार-पाच घरं एकदा ठरवून ती हलवू नयेत.

किती पिन करावं हेही इथेच येतं. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, धणे-जिरे पूड, गोडा मसाला. दगडफूल आणि नागकेशर घरात असतं, पण ते डब्यात नसतं, वरच्या फळीवरच्या बरणीत असतं, कारण फोडणी जळायच्या आत हाताला जे लागतं त्याचीच जागा डब्यात. पंधरा फाइली पिन केल्या की यादी लांबते, डोळा पुन्हा शोधायला लागतो आणि शोधायचंच असेल तर फोल्डर काय वाईट. वर्डच्या पाच, एक्सेलच्या दोन-तीन. बाकीचं फळीवर.

पिन निसटतातही. पेनड्राइव्हवरची फाइल पिन केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला ‘ई’ऐवजी ‘एफ’ अक्षर मिळालं की यादीतलं नाव तसंच दिसतं, पण दाबलं तर फाइल सापडत नाही म्हणून सांगतं आणि यादीतून काढू का, असं विचारतं. घाईत ‘येस’ दाबलं की पिनही जाते. वनड्राइव्हनं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीनं, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःच्या ताब्यात घेतले की फाइलींचे पत्ते बदलतात, तेव्हाही हेच. वर्ड सोडून लिब्रे ऑफिसवर गेलं तर पिन मागेच राहतात, कारण प्रत्येक प्रोग्रॅमची यादी त्याची त्याची. आणि यादी अडकली, उघडेनाशी झाली की कुणीतरी सांगतं, ऑटोमॅटिक डेस्टिनेशन्समधलं सगळं डिलीट कर. यादी सुरू होते, हे खरं. पण जमलेल्या नावांबरोबर पिन केलेलंही सगळं पुसलं जातं. त्याआधी पिनांची नावं एका कागदावर उतरवून ठेवावीत आणि मॉनिटरच्या मागे चिकटवावीत.

राहता राहिली ती नावं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट या वाटेनं गेलं की जंप लिस्टमध्ये अलीकडच्या फाइली दाखवण्याचं एक बटण आहे. ते बंद केलं की जमलेली यादी पुसली जाते. मसुद्यांचं फोल्डर हाताशी असेल तर दुकानाच्या यंत्रावर ते बंदच ठेवावं. खाती वेगळी ठेवावीत, दुकानाचं एक, घरच्या कामाचं एक. पण बटण कधी कुणी सुरू करेल, कधी नवं यंत्र येईल, तेव्हा खरी राखण फाइलच्या नावातच असायला हवी. गिऱ्हाइकाला पावती देतोच, तर तिचा क्रमांक हेच फाइलचं नाव. 417, 418, 419. कोणता क्रमांक कुणाचा ते पावतीपुस्तकात, आणि पावतीपुस्तक ड्रॉवरमध्ये. जुनी प्रत मागायला कुणी आलं तर त्याच्या हातात पावती असते किंवा पुस्तकाची चार पानं उलटावी लागतात. अर्धं मिनिट जातं. हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, सोडचिठ्ठीचे कागद, मृत्युपत्राचा कच्चा खर्डा, हे सगळं तालुक्याच्या गावात ज्या एका काउंटरवरून जातं, तिथे ते अर्धं मिनिट द्यायलाच हवं. कारण इथे पाठीमागे उभा असलेला माणूस परका असण्यापेक्षा भावकीतला असण्याचीच शक्यता जास्त.

आधीच्या नावांसाठी, त्या त्या ओळीवर राइट-क्लिक केलं की ‘रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट’ येतं. दाबलं की ओळ जाते, खालची नावं एकेक घर वर सरकतात. फाइल फोल्डरात असते तिथेच राहते. त्या दुपारी प्रिंट निघाली, सही झाली, पैसे देऊन झाले. आजोबांनी स्वयंघोषणापत्राची घडी रेशनकार्डात घातली, पिशवी पुन्हा नीट गुंडाळली. पायरी उतरताना ते एकदा थांबले, मागे वळून मॉनिटरकडे पाहिलं. तिथे आता पुढच्या माणसाचं नाव टाइप होत होतं.